व्हेटरन आणि वासरू

निवृत्त सैनिकाला इंग्रजीत व्हेटरन म्हणतात. उभा जन्म रंगभूमीवर काढलेल्या नटालाही म्हणतात. या भारदस्त शब्दाचं आपल्या गोठ्यातल्या वासराशी नातं आहे.

लॅटिनमध्ये 'वेतुस' म्हणजे जुना. त्यावरून 'वेतेरानुस', म्हणजे मुरलेला सैनिक. सम्राट ऑगस्टसच्या अखेरच्या काळात रोमन शिपायाला २० वर्षं चाकरी करावी लागे. आता या 'वेतुस'च्या खाली आणखी खणलं, की जो मूळ शब्द लागतो त्याचा अर्थ 'जुना' नाही, 'वर्ष' असा आहे. ग्रीकमध्ये तो 'एतोस' झाला, संस्कृतात 'वत्सर'. गुढीपाडव्याला पंचांगात ज्याचं नाव वाचतो, तो संवत्सर याच घरातला. वर्षाच्या आतबाहेरचं जनावर ते 'वत्स'. पुढे 'वत्सरूप' प्राकृतातून झिजत आलं आणि मराठीत वासरू झालं. एकाने पुष्कळ वर्षं पाहिली, दुसऱ्याने जेमतेम एक!

हा निव्वळ योगायोग नाही कशावरून? दोन शब्द सारखे वाटले म्हणून काहीच सिद्ध होत नाही. पुरावा असतो तो बदलांच्या शिस्तीत. लॅटिन, ग्रीक, संस्कृत या सगळ्या ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातले ए, ओ आणि अ हे ऱ्हस्व स्वर संस्कृतात एकाच 'अ'मध्ये मिसळले, आणि तेही शेकडो शब्दांत. म्हणून तिकडे 'वेत्', इकडे 'वत्'. लॅटिन 'सेनेक्स' म्हणजे वृद्ध, तर संस्कृत 'सन' म्हणजे जुना, सनातनमधला तोच. सेनेट ही मुळात वडीलधाऱ्यांची सभा. सीनियर हा शब्द फ्रेंचमध्ये झिजला आणि त्यातून इंग्रजीचा 'सर' निघाला, ज्याने आपण शाळेत मास्तरांना हाक मारत आलो. ग्रीक 'गेरोन' म्हणजे म्हातारा, आणि आपल्याकडे जरा म्हणजे म्हातारपण. शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी १९०३ मध्ये वार्धक्याच्या अभ्यासाला जेरोंटॉलॉजी हे नाव दिलं, त्यात ही जरा बसलेली आहे.

मला सर्वांत आवडतो तो साधा 'ओल्ड'. त्याच्या मुळाशी पोसणं, वाढवणं आहे; अ‍ॅडल्टही त्याच मुळातला. आपला म्हातारा आला 'महत्तर'वरून, म्हणजे अधिक मोठा. झिजणं, थकणं दोघांच्याही मुळात नाही.