दोन घासांत पोट भरतं तेव्हा

पोट दुखतंय म्हणणाऱ्याला डॉक्टर विचारतात, "नेमकं कुठे?" त्यावर बहुतेकजण बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत तळहात फिरवतात. आपल्या लेखी हे सगळंच पोट. त्यातलं जठर म्हणजे वरच्या बाजूला, जरा डावीकडे असलेली स्नायूंची एक पिशवी, पण हा शब्द शाळेच्या पुस्तकातच राहून गेला. तिच्या तक्रारींनाही आपण एकच नाव ठेवलंय: ॲसिडिटी, नाहीतर पित्त. जळजळलं की पित्त, मळमळलं की पित्त, जेवण जाईना तरी पित्तच. जठराचा कॅन्सर उशिरा सापडतो त्यात या शब्दाचा मोठा हात आहे, असं मला वाटतं.

२०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार माणसं त्याने दगावली. एवढे मृत्यू पाहून हा आजार झपाट्याने वाढत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा वीस-तीस वर्षं शिजत असतो.

सुरुवात बऱ्याचदा एका जंतूपासून होते. जठरातल्या जहाल आम्लात कोणताही जंतू टिकूच शकत नाही, अशी वैद्यकशास्त्राची पक्की समजूत होती. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना मात्र जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी जंतू वारंवार दिसत होते. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल यांच्या मदतीने ते वाढवायचे प्रयत्न सुरू झाले. दोन दिवसांत बशीत काही उगवलं नाही की बशी फेकून द्यायची, हा प्रयोगशाळेचा शिरस्ता. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बश्या तशाच राहिल्या आणि परत येऊन बघतात तर जंतू उगवलेले! हाच हेलिकोबॅक्टर पायलोरी. तरी हा जंतू जठराला आजारी पाडतो हे कोणी फारसं मनावर घेईना, म्हणून १९८४ मध्ये मार्शल यांनी त्याचं कल्चर, म्हणजे वाढवलेल्या जंतूंचं द्रावण, स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला, आणि तपासणीत जठराचं अस्तर सुजलेलं दिसलं. (हा प्रयोग त्यांनी घरी आधी सांगितला नव्हता.) १९९४ मध्ये या जंतूची नोंद कॅन्सरकारक म्हणून झाली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू युरियापासून अमोनिया तयार करतो, त्याने भोवतालचं आम्ल मारतो आणि चिकट स्रावाच्या थरात दडून बसतो. तिथे तो वर्षानुवर्षं अस्तराला सूज आणत राहतो. मग आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात, अस्तर पातळ होतं, आणि काही ठिकाणी जठराच्या पेशी चक्क आतड्याच्या पेशींचं रूप घेतात. त्यातल्या काही पुढे बिघडतात, आणि त्यांतून एखाद्या ठिकाणी कॅन्सर उभा राहतो. जंतू बाळगणाऱ्या शंभरांपैकी एक ते तीन जणच या टोकाला पोचतात. खारवलेले पदार्थ, धूम्रपान आणि घराण्यातला इतिहास यांनी धोका वाढतो. विसाव्या शतकात अनेक देशांत हा आजार कमी होत गेला, त्याचं थोडं श्रेय फ्रिजलाही दिलं जातं. अन्न मिठात मुरवून टिकवायची गरजच उरली नाही.

जठर ही ताणली जाणारी पिशवी असल्यामुळे लहानशी गाठ तिला जाणवतच नाही. लक्षणं दिसू लागतात ती पुढे, आणि त्यांची कारणं समजली तर ती ओळखता येतात. एका प्रकारच्या कॅन्सरमध्ये पेशी गाठ न करता भिंतीतच पसरतात, भिंत चामड्यासारखी ताठ होते, पिशवी फुगत नाही, आणि दोन घासांत पोट भरतं. जखमेतून थेंबथेंब रक्त जात राहिलं की हिमोग्लोबिन उतरतं, माणूस जिना चढताना धापा टाकतो आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात; पण रक्त जातंय कुठे, हे कोणी पाहत नाही. रक्त जास्त गेलं तर ते आम्लात काळं पडतं आणि शौचाला डांबरासारखं होतं. घास अडकणं, वारंवार उलट्या, अन्नावरची वासना उडणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, यांपैकी काहीही असेल तर आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांवर दिवस काढू नयेत. पंचावन्न-साठीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली 'ॲसिडिटी'सुद्धा यातच धरा. गोंधळ असा की या गोळ्यांनी कॅन्सरच्या जखमेचा त्रासही काही काळ कमी होऊ शकतो.

यापुढची पायरी एंडोस्कोपीची, आणि तिला लोक फार घाबरतात. घसा बधिर करून करंगळीपेक्षा बारीक नळी तोंडावाटे जठरात जाते. हवा भरली की अस्तराच्या घड्या उलगडतात आणि पडद्यावर ओलसर गुलाबी भिंत दिसते. सुरुवातीचा कॅन्सर तिथे केवळ किंचित लालसर किंवा फिकट, जरासा खोलगट डाग असतो. इवल्याशा चिमट्याने कणीएवढे तुकडे घेतात; ते घेताना दुखत नाही. कॅन्सर वरच्या थरातच असेल तर तेवढं अस्तर याच नळीतून सोलून काढता येतं, पोट उघडावं लागत नाही. जपानमध्ये अशा टप्प्यावर सापडलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक पाच वर्षांनंतरही जगलेले असतात. इतर अवयवांत पसरल्यावर दहांत जेमतेम एखादा.

दक्षिण कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सगळ्यांना ही तपासणी देऊ करतात, कारण तिथे आजाराचं प्रमाणच मोठं आहे. जिथे ते कमी आहे तिथे सरसकट एंडोस्कोपी होत नाही. पण जंतू आहे का, हे नुसत्या श्वासावरूनही कळतं: युरियाचं द्रावण प्यायचं आणि थोड्या वेळाने पिशवीत फुंकायचं. त्याआधी दोन आठवडे ॲसिडिटीच्या गोळ्या आणि चार आठवडे अँटिबायोटिक्स डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी लागतात, नाहीतर जंतू असूनही चाचणी 'नाही' म्हणते. तो सापडला तर साधारण दोन आठवड्यांचा औषधांचा कोर्स असतो, आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचं असतं. तोवर जळजळ थांबलेली असते, त्यामुळे या दुसऱ्या फेरीला बरेचजण फिरकतच नाहीत.