फेसलिफ्ट

फेसलिफ्ट : वयोमानानुसार सैल पडलेली गालांची, जबड्याच्या कडेची व गळ्याची त्वचा आणि तिच्याखालील ऊतींचे थर वर उचलून पुन्हा बसविण्याची सौंदर्य-शस्त्रक्रिया. छेद कानाच्या कडेने आणि केसांत घेतात, त्यामुळे व्रण बहुतांशी झाकला जातो. कपाळ, भुवया, पापण्या आणि ओठांभोवतीच्या बारीक सुरकुत्या या शस्त्रक्रियेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांवरचे उपचार वेगळे. अनेक रुग्णांचा अपेक्षाभंग होतो तो हा फरक आधी कोणी नीट समजावून न सांगितल्यामुळे.

पहिली शस्त्रक्रिया कोणी केली याबद्दल एकमत नाही. बर्लिनचे ऑयगेन होलँडर यांनी १९०१ मध्ये एका पोलिश उमराव स्त्रीच्या केसांच्या कडेची व कानाजवळची त्वचा कापून गाल ताणून दिले, असे सामान्यतः मानतात. मात्र होलँडर यांनी ही हकीकत १९१२ च्या सुमारास, म्हणजे बऱ्याच उशिरा छापली. एरिक लेक्सर यांनी १९०६ मध्ये एका अभिनेत्रीवर अशीच शस्त्रक्रिया केल्याचे सांगितले, तेही १९३१ मध्ये. ही अभिनेत्री रात्री चिकटपट्ट्या लावून रबरी पट्ट्यांनी चेहरा ताणून ठेवीत असे. पॅरिसमध्ये रेमों पासो यांचा लेख १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला, तर त्याच शहरातील सुझान नोएल या स्त्री-शल्यचिकित्सकांचा ग्रंथ १९२६ मध्ये निघाला. केवळ रूपासाठी शस्त्र चालविणे त्या काळी वैद्यकीय वर्तुळात कमीपणाचे समजत. उशिरा छापण्यामागे तेही कारण असावे. छापील तारखेवर भर दिला तर होलँडर यांचे अग्रस्थान डळमळते. तरीही परंपरेने चालत आलेला १९०१ चा निर्देश सोडून देण्याइतका सबळ पुरावा पुढे आलेला नाही. पुण्यात १७९३ च्या सुमारास कावसजी नावाच्या गाडीवानाच्या कापलेल्या नाकाची पुनर्रचना झाली आणि १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात तिचे वर्णन आले. सुघटन शस्त्रक्रियेच्या (प्लास्टिक सर्जरीच्या) इतिहासात या घटनेचे मोल मोठे आहे, पण फेसलिफ्टचा उगम तिच्यापर्यंत नेणे योग्य नव्हे.

सुरुवातीच्या पद्धतींत केवळ त्वचा ताणत. त्वचा लवचीक असल्याने ती काही महिन्यांत पुन्हा सैल पडे आणि ताणामुळे व्रण रुंदावत. स्वीडनचे टोर्ड स्कूग यांनी १९७४ मध्ये त्वचेबरोबर तिच्याखालचा थरही उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये फ्रान्समधील मिट्झ व पेरोनी यांनी या स्नायू-प्रावरणीच्या (स्नायू व त्यांवरील तंतुमय आवरण यांच्या) थराची शरीररचना स्पष्ट केली. शल्यचिकित्सक त्याला ‘स्मास’ म्हणतात. हा थर खाली गळ्याच्या पसरट स्नायूशी जोडलेला असतो. आनन तंत्रिकेच्या (चेहऱ्याचे स्नायू हलविणाऱ्या मज्जातंतूच्या) शाखा कानापुढील लाळग्रंथीतून बाहेर पडून या थराच्या खालून जातात; म्हणून ग्रंथीच्या पुढच्या कडेपलीकडे शिरताना हात जपावा लागतो. भुवई उचलणाऱ्या शाखेचा मार्ग ब्राझीलचे इव्हो पितांगी यांनी रेषेने दाखवून दिला. कानाच्या छिद्रापुढील उंचवट्याच्या किंचित खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या थोडे वर जाणारी ही रेषा आजही शस्त्रक्रियेपूर्वी पेनाने चेहऱ्यावर आखतात.

अमेरिकेतील सॅम हॅम्रा यांनी १९९० मध्ये ‘डीप प्लेन’ पद्धत वर्णिली. तीत त्वचा व स्मास वेगळे न करता एकत्र उचलतात. ही पद्धत श्रेष्ठ की स्मासला नुसते टाके घालून दुमडणे पुरेसे, हा वाद अजून चालू आहे. १९९६ मधील एका अमेरिकन अभ्यासात एकाच रुग्णाच्या दोन गालांवर दोन पद्धती वापरल्या, तेव्हा वर्षभरानंतर ठळक फरक दिसला नाही. खुद्द हॅम्रा यांनी २००२ मध्ये नाकापासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घळ पुन्हा उमटत असल्याची नोंद केली. पद्धतीच्या नावापेक्षा शल्यचिकित्सकाचा अनुभव अधिक मोलाचा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

शस्त्रक्रिया साधारण तीन ते पाच तास चालते. त्याआधी किमान चार आठवडे धूम्रपान बंद ठेवावे लागते, कारण तंबाखूमुळे रक्तपुरवठा आक्रसून कानामागची त्वचा मृत होण्याचा धोका वाढतो. ॲस्पिरिनसारखी औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवितात. त्वचेखाली रक्त साचणे हा सर्वांत वारंवार आढळणारा उपद्रव असून तो बहुधा पहिल्या चोवीस तासांत होतो. स्त्रियांपेक्षा पुरुषांत तो अधिक आढळतो. दाढीच्या त्वचेचा भरपूर रक्तपुरवठा हे त्याचे एक कारण मानतात. एका गालाला अचानक सूज व ठणका आला, तर रात्री-बेरात्रीही डॉक्टरांना कळविणे आवश्यक असते.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. कानापुढचे टाके साधारण आठवड्याने काढतात, काळे-निळेपणा दोन ते तीन आठवड्यांत ओसरतो. गाल व कानाचा बधिरपणा काही महिने राहतो. कानाकडे जाणारी मोठी तंत्रिका गळ्याच्या स्नायूवरून वरवर जात असल्याने तिलाच इजा होण्याचा संभव अधिक. पुरुषांच्या बाबतीत दाढीची त्वचा मागे सरकते आणि काहींना कानामागेही दाढी करावी लागते. कर्णपाली (कानाची पाळी) खाली ओढली गेली तर ती गालाला चिकटल्यासारखी दिसते. फसलेली शस्त्रक्रिया ओळखण्याची ही नेमकी खूण आहे. अंतिम रूप दिसायला सहा महिने ते वर्ष लागते. परिणाम सात ते दहा वर्षे टिकतो असे सांगतात, पण मान त्याआधीच सैल पडू लागते. वय वाढणे थांबत नाही, चेहरा काही वर्षे मागे जाऊन तिथून पुढे चालू लागतो.

भारतीय त्वचेत रंगद्रव्य अधिक असल्याने व्रण काळपट पडण्याची किंवा उंचावण्याची शक्यता गृहीत धरून छेद आखतात. भारतात ही शस्त्रक्रिया करणाऱ्याकडे सुघटन शस्त्रक्रियेतील एम.सीएच. (शल्यशास्त्रातील उच्च विशेषज्ञ पदवी) किंवा समकक्ष पदवी असल्याची खात्री करावी. आरोग्यविम्यात सौंदर्य-शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना हा त्यास अपवाद.