बंदुकीला फासे किती?

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी आमच्या खेळातल्या भालदाराला पडक्या मंदिराच्या तळघरात एके-४७ सापडली. ती तिथे ठेवली होती मीच. आम्ही सहा जण सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका माडीवर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो: गोष्ट माझी, पात्रं बाकीच्यांची, आणि कुठला वार किती लागला ते फासे ठरवतात. खाली यंत्रमाग धडधडत असतात, त्यामुळे फाशावरचा आकडा ओरडूनच सांगावा लागतो. भालदारानं नेम धरला, फासे टाकले, आकडा आला सात. समोरच्या सेनापतीचे ऐंशी प्राणगुण होते, म्हणजे तेवढी इजा सोसायची ताकद. ते त्र्याहत्तर झाले. “का बे, गोळी हाय का गोटी?” असं म्हणून भालदार जो उठला, तो संध्याकाळपर्यंत वादच चालला.

त्याचं म्हणणं खरं होतं. हा खेळ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. त्याच्या २०१४ च्या नियमांत लांब धनुष्याला आठ बाजूंचा एक फासा आहे, ठासणीच्या बंदुकीला बारा बाजूंचा एक, आणि स्वयंचलित रायफलीला आठ बाजूंचे दोन. सरासरी काढली तर ४.५, ६.५ आणि ९. म्हणजे एक गोळी बरोबर दोन बाण.

आता भौतिकशास्त्राला विचारू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग. ६० ग्रॅमचा जड बाण सेकंदाला ५५ मीटर वेगानं सुटला तर त्यात सुमारे ९० जूल असतात. ठासणीच्या बंदुकीची ३० ग्रॅमची शिशाची गोळी सेकंदाला ४०० मीटरनं निघते, ती २४०० जूल घेऊन. एके-४७ ची गोळी जेमतेम ८ ग्रॅमची, पण वेग ७१५ मीटर. तिचे होतात सुमारे २००० जूल.

हे आकडे मी वहीत मांडले तेव्हा मलाच थांबावं लागलं. जुनी बंदूक आणि नवी रायफल यांचा नळीच्या तोंडाशी दणका जवळपास सारखाच! शिशाची गोल गोळी हवेत लवकर मंदावते, टोकदार गोळी वेग टिकवून धरते, हे खरं. पण जवळच्या लढाईत त्यानं फार बिघडत नाही. आणि बाणाच्या वीसपट ऊर्जा म्हणून वीसपट फासे द्यावेत, तर तेही चुकीचं. धारदार फाळाचा बाण ९० जुलांतही रक्तवाहिनी कापतो. जखम कुठे झाली आणि किती खोल गेली, यावर माणसाचं जगणं-मरणं ठरतं. नुसते जूल मोजून ते कळत नाही. त्यामुळे फाशांचा आकडा मला आता तितका खटकत नाही. खटकतं ते घड्याळ.

खेळातली एक फेरी सहा सेकंदांची. नियमाप्रमाणे ठासणीची बंदूक दर फेरीत एक बार काढते, म्हणजे मिनिटाला दहा. प्रत्यक्षात नळीत दारू ओतायची, गोळी टाकायची, गजानं ठासायची, नळीच्या कानात, म्हणजे मागच्या छिद्रात, रंजक (पेटवायची बारीक दारू) भरायची, जामगी, म्हणजे पेटती वात, विझली नाही ना बघायचं. सरावलेल्या हातांनाही मिनिटाला दोन-तीन बारांच्या पुढे जाता येत नाही. तिरंदाज मात्र सहा सेकंदांत एक बाण आरामात सोडतो. म्हणून आम्ही नियम बदलला: ठासणीच्या बंदुकीला सहा बाजूंचे चार फासे, सरासरी १४, पण एक बार झाला की पुढच्या तीन फेऱ्या भरण्यात जाणार. चार फेऱ्यांच्या चकमकीत सगळं लागलं असं धरलं तर धनुष्य देतं १८ आणि बंदूक १४, पण ते चौदाच्या चौदा पहिल्याच क्षणी. पाऊस आला तर तेही नाही. २३ जून १७५७ ला प्लासीवर सरी कोसळल्या, नवाबाची दारू भिजली. इंग्रजांनी आपली ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती.

एके-४७ चं दुखणं निराळं. ती सेकंदाला दहा गोळ्या झाडते, तीस गोळ्यांचं मॅगझिन तीन सेकंदांत रिकामं. इथे फासे घालून-काढून काही जुळत नाही. जुळतं ते काडतुसाकडे पाहिलं की. सोरा, कोळसा आणि गंधक कुटून काळी दारू कुठल्याही गावात करता येते, शिसं चुलीवर वितळतं. पण काडतुसाला नेमक्या मापात ओढलेलं आवरण लागतं, ठोक्यानं पेटणारी टोपी लागते, आणि १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी शोधली तसली बिनधुराची दारू लागते. तलवारी घडवणाऱ्या लोहाराला यातलं काय जमणार? म्हणजे हातातली काडतुसं संपली की रायफलही संपली. हे सोलापूरकराला वेगळं समजवावं लागत नाही. हातमाग माणसाच्या हातापायावर चालतो. यंत्रमागाची लाइट गेली की ते नुसतं लोखंड.

राहिलं अंतर. सॉल्ट लेक सिटीच्या पोलिसांतले प्रशिक्षक डेनिस ट्यूलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिलं की चाकूवाला माणूस २१ फूट सुमारे दीड सेकंदात गाठतो, आणि कंबरेचं पिस्तूल काढून झाडायलाही तेवढाच वेळ लागतो. आम्ही हे भुईकोट किल्ल्याच्या बागेत करून पाहिलं. टेपानं २१ फूट मोजले. भालदाराच्या कमरेला प्लॅस्टिकचं पिस्तूल, समोर दुसऱ्याच्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र. पहिल्यांदा पिस्तूल शर्टात अडकलं. दुसऱ्यांदा निघालं, पण नेम धरायच्या आत वर्तमानपत्र छातीवर बसलं. बऱ्याच वेळा खेळून तो थोडाफार जिंकू लागला, ते पावलं मागे टाकायला शिकल्यावर. आमच्या पटावर एक चौकोन पाच फुटांचा. २१ फूट म्हणजे चार चौकोनांच्या किंचित पुढे. तेव्हापासून चार चौकोनांच्या आत शत्रू असेल आणि बंदूक खांद्याला असेल, तर पहिला वार पात्याचा, हा आमचा नियम.

भालदाराकडे आता अकरा काडतुसं उरली आहेत. मागच्या रविवारी सेनापती परत समोर आला, चौथ्या चौकोनात. भालदारानं पट नीट पाहिला, बोटानं चौकोन मोजले, रायफल खांद्यालाच राहू दिली आणि म्हणाला, “भाला काढतो.”