मुहम्मद, शाहजादा (खान-ए-शहीद)

(मृत्यू ९ मार्च १२८५). दिल्लीचा सुलतान घियासुद्दीन बल्बन (कार. १२६६–८७) याचा ज्येष्ठ पुत्र, युवराज व मुलतान-सिंधचा मुक्ती (प्रांताधिकारी). मंगोलांशी लढताना तो मारला गेल्यामुळे इतिहासात ‘खान-ए-शहीद’ या नावानेच तो अधिक परिचित आहे.

बल्बनच्या राजवटीच्या आरंभी मुहम्मदकडे कोल (सध्याचे अलीगढ) व आसपासचा मुलूख होता. वायव्य सरहद्द त्या वेळी बल्बनचा चुलत भाऊ शेरखान सांभाळीत असे. तो सु. १२७० मध्ये मरण पावला; सुलतानानेच त्याच्यावर विषप्रयोग करविला, असे चौदाव्या शतकातील इतिहासकार झियाउद्दीन बरनी म्हणतो. त्यानंतर सरहद्दीची वाटणी झाली. सुनाम व सामाना हा भाग आधी तमरखानाकडे आणि पुढे धाकटा शाहजादा बुघराखान याच्याकडे गेला. मुलतान व सिंध मुहम्मदला मिळाले. सगळी सरहद्द पुन्हा एकाच सरदाराच्या मुठीत जाऊ नये, हा बल्बनचा हेतू यात उघड दिसतो.

मुक्तीने इक्त्याचा (नेमून दिलेल्या प्रांताचा) महसूल वसूल करावा, त्यातून फौजेचा व स्वतःचा खर्च भागवावा आणि उरलेली रक्कम (फवाझिल) दिल्लीला भरावी, अशी रीत होती. शिल्लक कमी दाखविणे हा या पद्धतीतला नेहमीचा गैरप्रकार. त्याला आळा घालण्यासाठी बल्बनने हिशेब तपासणारे ख्वाजा नेमले. बातम्या कळविणारे बरीद निराळे असत. मुहम्मद मात्र दरवर्षी स्वतः खजिना व घोडे घेऊन पित्याच्या भेटीस येई. मंगोलांमुळे मध्य आशियातून घोडे येण्याचे मार्ग अडल्याने या घोड्यांचे मोल रोकडीहून कमी नव्हते.

मंगोल व्यास नदी ओलांडून आले, की मुलतानहून मुहम्मद, सामान्याहून बुघराखान आणि दिल्लीहून मलिक बेकतर्स यांनी एकत्र येऊन त्यांना रेटायचे, अशी योजना होती. तिन्ही फौजा मिळून घोडेस्वार सतरा-अठरा हजारांवर जात नसत, असे बरनी नोंदवितो. या संख्येचा अर्थ असा, की तिघांपैकी एकालाही एकट्याने मोठी टोळी पेलणे कठीण होते. बंगालचा प्रांताधिकारी तुघ्रिल याचे बंड मोडल्यावर बुघराखानाची नेमणूक लखनौतीला (बंगाल) झाली आणि या योजनेतला एक शाहजादा सरहद्दीवरून कायमचा दूर गेला.

मुलतानच्या दरबारात शाहनामा तसेच सनाई, खाकानी व निझामी यांचे काव्य वाचले जाई. अमीर खुसरौ व अमीर हसन सिज्झी हे कवी सु. १२८० पासून पाच वर्षे त्याच्या पदरी होते (हसनची कबर महाराष्ट्रात खुलदाबाद येथे आहे). शीराझचा फार्सी कवी सादी याला त्याने दोनदा प्रवासखर्च पाठवून बोलाविले. सादीने वार्धक्याचे कारण सांगून स्वहस्ते लिहिलेल्या गझला पाठविल्या. मुलतानला आलेला म्हणून बरनीने उल्लेखिलेला शेख उस्मान म्हणजे सेहवानचा सूफी संत लाल शाहबाज कलंदर, असे काही अभ्यासक मानतात; तथापि उपलब्ध छापील पाठात ‘तिर्मिझी’ असे असल्याने ही ओळख सावधपणेच स्वीकारावी. मुहम्मदची घटस्फोटित बेगम व सुहरावर्दी सूफी पंथाचे शेख सद्रुद्दीन आरिफ यांच्या विवाहाची कथा पुष्कळ नंतरच्या ग्रंथांत येते. तिला समकालीन आधार मानता येत नाही.

मृत्यूच्या सालाबाबत मतभेद आहेत. बरनी हिजरी ६८४ देतो आणि त्यामुळे काही ग्रंथांत १२८६ हे साल आढळते. खुसरौच्या मर्सियात (शोककाव्यात) मात्र ६८३ च्या जिल्हेजचा (हिजरी वर्षाच्या शेवटच्या महिन्याचा) अखेरचा दिवस, शुक्रवार, असा उल्लेख आहे. गणिताने तो ९ मार्च १२८५ ला पडतो आणि वारही जुळतो. हिजरी दिवस सूर्यास्ताला पालटतो. त्यामुळे त्याच संध्याकाळी ६८४ सुरू झाले. बरनीचे साल एवढ्यानेच उलगडते. खुसरौ त्या लढाईत हजर होता, तर बरनीचा ग्रंथ सात दशकांनंतरचा. तेव्हा खुसरौची तिथी ग्राह्य धरणे इष्ट.

लढाई लाहोर व दीपालपूर यांच्या दरम्यान झाली. मंगोलांचा सेनानी तिमूर (बरनीच्या पाठात समर) होता. इतिहासकार फिरिश्ता याच्या मते पहिला विजय मुहम्मदचाच. पळणाऱ्यांच्या पाठलागात त्याची फौज पांगली. तो सु. पाचशे स्वारांसह नमाजासाठी थांबला असता दबा धरून बसलेल्या दोन हजार मंगोलांनी त्याला गाठले. फिरिश्ता तीन शतकांनंतरचा असला, तरी खोट्या माघारीने शत्रूची फळी विस्कळित करणे ही मंगोलांची नेहमीची रीत होती, हे ध्यानात घ्यावे लागते. खुसरौ कैद झाला व पुढे निसटला. हसनने गद्यात शोकलेख लिहिला. तो इतिहासकार बदाऊनीने उद्धृत केल्यामुळे टिकला.

मुहम्मदचा पुत्र कैखुसरौ याला मुलतान देण्यात आले. बल्बनने वारस म्हणून त्याचीच निवड केली होती. परंतु सुलतानाच्या मृत्यूनंतर कोतवाल फख्रुद्दीन व त्याच्या पक्षाने बुघराखानाचा पुत्र कैकुबाद याला गादीवर बसविले. कैखुसरौला पुढे दिल्लीस बोलावून रोहतकजवळ ठार करण्यात आले. या कृत्यामागे कैकुबादच्या दरबारातील प्रबळ सरदार निझामुद्दीन होता, असे बरनी सांगतो.