माकडहाडाचे दुखणे (बैठ्या कामातील)

पाठीच्या कण्याच्या तळाशी, त्रिकास्थीखाली (कमरेखालच्या त्रिकोणी हाडाखाली) असलेले लहान व पुढे वळलेले हाड म्हणजे माकडहाड. साधारण चार, कधी तीन तर कधी पाच मणके मिळून ते बनते. बराच वेळ बसल्याने त्याच्या टोकाशी जी वेदना होते तिला वैद्यकात कॉक्सिडायनिया म्हणतात. पुरुषांपेक्षा स्त्रियांत हे दुखणे सुमारे पाचपट आढळते. ते ओळखणे सोपे असते. कंबर दुखणारा माणूस पंजा फिरवून ‘इथं सगळीकडं’ म्हणतो, तर माकडहाड दुखणारा एका बोटाने नेमकी जागा दाखवतो. बसून उठण्याच्या क्षणी कळ सर्वांत तीव्र येते आणि चार पावले चालल्यावर बहुधा ओसरते.

ताठ बसले की शरीराचा भार बैठकीच्या दोन हाडांवर आणि मांड्यांवर पडतो व माकडहाड जवळजवळ मोकळे राहते. मागे रेलून, घसरून बसले की ओटीपोटाचा सांगाडा मागे कलतो आणि माकडहाड तिवईच्या तिसऱ्या पायासारखे टेकते. न्हाणीत किंवा जिन्यावर बुडावर पडणे, अवघड बाळंतपण, जास्त वजन, तसेच वजन झपाट्याने घटून बुडाची चरबी कमी होणे, ही आणखी कारणे. त्यामुळे बैठक मऊ केली की दुखणे थांबते हा समज अर्धाच खरा आहे. टोकाखाली पोकळी हवी आणि कंबर पुढे कललेली हवी.

सोलापुरात याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण विडीकामात दिसते. मांडी घालून बसायचे, मांडीवर सूप, सुपात कापलेली तेंदूपाने, तंबाखू आणि दोरा. नजर सुपात असल्याने पाठीला पोक येते, आणि थकल्यावर भिंतीला टेकून बूड हळूहळू पुढे सरकते. हजार विड्यांना आठ-दहा तास लागतात, म्हणजे तितका वेळ तेच टोक फरशीवर घासते. यावर उपाय दोन. बैठक ३ ते ४ इंच उंच करावी, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतात आणि ओटीपोट आपोआप पुढे कलते. सुपाखाली जुनी उशी घालून ते चार बोटे वर घ्यावे, म्हणजे पाठ कमी वाकते. खड्ड्याच्या हातमागावर विणकर कडेच्या फळीवर बसतो आणि त्याचे पाय खाली पावड्यांवर (पायाने दाबायच्या पट्ट्यांवर) असतात. तिथे हा कोन मुळातच बरा असतो, पण फळी टणक असते.

उंची देण्यासाठी घरातली सोलापुरी चादर घडी करून घेतात. घडी कितीही जाड केली तरी मध्ये फट नसेल तर टोक तिच्यातच रुतते. त्यापेक्षा दोन टॉवेल घट्ट गुंडाळून दोन्ही बुडांखाली एकेक, पुढून मागे असे ठेवावेत. त्यांमध्ये मागच्या बाजूला अडीच-तीन इंचांची फट राहू द्यावी. कायमची उशी करायची असल्यास गादीवाल्याकडून ४० डेन्सिटीचा, ३ इंच जाड, १६ बाय १४ इंचांचा फोम घ्यावा. मागच्या कडेच्या मध्यावर ३ इंच रुंद आणि ४ ते ५ इंच खोल खाच कापून घ्यावी. मूठ दाबल्यावर ती तळाला टेकली तर फोम मऊ आहे, तो महिन्याभरात बसेल. खाच मागेच असावी. उशी उलटी ठेवली की उपयोग शून्य, आणि ही चूक वारंवार होते. औषधदुकानात मिळणारी गोल, मध्ये भोक असलेली उशी मूळव्याधीला ठीक. माकडहाडाच्या बाबतीत तिची मागची कडच अनेकांना टोचते. रेक्झिनचे कव्हर सोलापूरच्या उन्हाळ्यात चालत नाही, घामाने कातडी सोलते. सुती टॉवेल शिवून घ्यावा. शिलाई मशीनच्या स्टुलावर उशी घातली की पाय लोंबतात, मग फूटरेस्ट किंवा फळी द्यावी लागते, नाहीतर बूड पुन्हा पुढे घसरते.

उठायचे कधी, हे घड्याळापेक्षा कामावर बांधणे सोपे. पंचवीस विड्यांची जुडी साधारण पाव तासात होते. जुडी झाली की मांडी बदलावी, दुसरी झाली की उभे राहून चार पावले टाकावीत. उठताना आधी पुढे वाकून मगच मांड्यांवर जोर द्यावा. मागे रेलून उठल्यास कळ हमखास.

पडल्यामुळे दुखत असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे, त्यानंतर कुशीवर पडून गरम पिशवीचा शेक १५ ते २० मिनिटे. टोकावर तेल रगडू नये, सूज वाढते. पाठीवर झोपून एक गुडघा छातीकडे ओढून २० ते ३० सेकंद धरावा, दोन्ही बाजूंना तीनदा. पोट फुगवून सावकाश श्वास घेत शौच अडवताना आवळतो ते स्नायू सैल सोडावेत. त्यांचा ताण या हाडालाच येतो. नौकासन आणि सायकल काही काळ बंद. शौचाला खडा झाला तर दुखणे दुप्पट होते. कडक भाकरी आणि शेंगाचटणी कामावर सोयीची खरी, पण सोबत पाणी आणि पालेभाजी हवीच.

लांबच्या प्रवासात एसटीच्या मागच्या चाकावरील व त्यामागील आसने टाळावीत, धक्का तिथे सर्वाधिक. सोलापूर–पुणे सुमारे २५० किलोमीटर आहे. टेंभुर्णी, इंदापूर किंवा भिगवण, जिथे गाडी थांबेल तिथे उतरून उभे राहावे.

बहुतेकांना एवढ्यावर काही आठवड्यांत आराम पडतो. न पडल्यास उभे राहून आणि बसून बाजूचा असे दोन एक्स-रे काढून हाड किती सरकते ते पाहतात. पुढे फिजिओथेरपी, इंजेक्शन आणि क्वचितच शस्त्रक्रिया. दोन्ही बुडांमधल्या चिरेच्या वरच्या टोकाशी बारीक भोक किंवा पू दिसला तर ते बहुधा केस आत शिरून झालेले गळू असते, त्याला उशी काही करत नाही. ताप, रात्री झोपेतही न थांबणारी वेदना किंवा विनाकारण वजन घटणे असल्यास तपासणी करावी. बैठकीच्या भागाला बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे.