एन्झाइमची उत्क्रांती प्रयोगशाळेत घडवताना

सबटिलिसिन ई हे एन्झाइम प्रथिनांचे तुकडे करतं, पण पाण्यात. डायमिथाइलफॉर्मामाइड (डीएमएफ) या सेंद्रिय द्रावकात ते जवळजवळ निकामी होतं. कॅल्टेक या अमेरिकी विद्यापीठातल्या रसायन अभियंता फ्रान्सिस अर्नोल्ड यांना ते तिथेच कामाला लावायचं होतं. एन्झाइमची रचना बघून कोणतं अमिनो आम्ल (साखळीतला एकेक दुवा) बदलावं हे ठरवण्याचा मार्ग शहाणपणाचा वाटतो खरा, पण तो फारसा फळला नाही.

मग सगळेच बदल करून बघायचे का? या एन्झाइमच्या साखळीत 275 अमिनो आम्लं आहेत आणि प्रत्येक जागी 20 पर्याय. एकाच जागी बदल असलेली रूपं 5,225 होतात. ती एक वेळ तपासता येतील. दोन जागी बदल केले की आकडा 1 कोटी 36 लाखांवर जातो. सगळ्या जागा मोकळ्या सोडल्या तर मिळणारी संख्या 358 अंकी असते.

अर्नोल्ड यांनी बदल नशिबावर सोडले आणि निवड मात्र आपल्या हाती ठेवली. जनुकाच्या प्रती मुद्दाम चुका होतील अशा पद्धतीने काढायच्या, त्या जिवाणूंत घालायच्या आणि तयार होणारी हजारो रूपं चाचणीला लावायची. चाचणी साधी होती: 35 टक्के डीएमएफ असलेल्या द्रावणात दुधातलं केसीन हे प्रथिन कोण जास्त तोडतं? जे जिंकेल त्यातच पुढचे बदल. तिसऱ्या पिढीतलं एक रूप डीएमएफमध्ये मूळ एन्झाइमच्या 256 पट सक्रिय निघालं. त्यात दहा बदल होते, आणि ते एकत्र येऊन असं काही करतील हे आधी कुणालाच सांगता आलं नसतं. हे काम 1993 मध्ये प्रसिद्ध झालं. 2018 मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा अर्नोल्ड यांना मिळाला.

माझ्या मते या पद्धतीचा जीव चाचणीत आहे. केसीन तोडणारं रूप मागितलं तर तेच मिळतं. ते उष्णता सोसेल की नाही, हे तपासलंच नाही तर तो गुण आपसूक येईल अशी आशा ठेवू नये.

दुसरी अडचण क्रमाची. बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम प्रतिजैविकं निष्प्रभ करतं. त्याच्या जनुकातले पाच बदल एकत्र आले की सेफोटॅक्सिम या प्रतिजैविकाला होणारा जिवाणूंचा प्रतिकार सुमारे एक लाख पटींनी वाढतो. हे पाच बदल एकामागून एक घडण्याचे 120 क्रम संभवतात. 2006 मधल्या एका अभ्यासात दिसलं, की त्यातल्या 102 क्रमांत कुठे ना कुठे अशी पायरी येते जिथे प्रतिकार वाढतच नाही, आणि नैसर्गिक निवड तिथे अडते. उरतात 18. म्हणजे एखादा बदल चांगला की वाईट, हे त्याच्याआधी कोणते बदल झालेत त्यावर ठरतं.

आता कोणती रूपं तपासावीत हे सुचवायला संगणकी मॉडेलं मदतीला आली आहेत. त्यांना शिकवताना फक्त विजेते पुरत नाहीत. कोणत्या बदलाने एन्झाइम बिघडलं हेही त्यांना हवं असतं, त्यामुळे पूर्वी सरळ टाकून दिल्या जाणाऱ्या नापास रूपांची मोजमापंही आता नोंदून ठेवावी लागतात.