इन्फो
इन्फो : ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातील सॉफ्टवेअरची माहितीपुस्तके टर्मिनलवर (आज्ञा टाइप करण्याच्या मजकुरी पडद्यावर), केवळ कळफलकाच्या आधारे, एका दुव्यावरून दुसऱ्यावर जात वाचता यावीत यासाठी तयार झालेले फाइलस्वरूप व ते दाखवणारा वाचक-प्रोग्राम. ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्राममध्ये हा वाचक अंगभूत असून तो स्वतंत्रपणेही मिळतो.

युनिक्स या संगणक कार्यप्रणालीत आधीपासून मॅन-पाने, म्हणजे एकेका आज्ञेची माहिती देणारी पाने, रूढ होती. युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. नाव ठाऊक असलेल्या आज्ञेचा एखादा पर्याय पाहण्यास असे पान फार सोयीचे असते. मात्र कंपायलरसारखा (प्रोग्रामचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरसारखा) शेकडो पृष्ठांचा विषय त्यात मांडणे कठीण जाते.

उगम : इन्फो हे वाचनाचे स्वरूप आणि टेक्सइन्फो ही त्यामागील लेखनाची खूणभाषा (मजकुरात आज्ञा-खुणा घालून लिहिण्याची पद्धत) यांचे उगम वेगळे धरणे इष्ट ठरते. दोन्ही ग्नू प्रकल्पाचे संस्थापक रिचर्ड स्टॉलमन यांची निर्मिती असली, तरी इन्फो आधीचे आहे. टेक्सइन्फोच्या वंशावळीत दोन धागे दाखवले जातात. पहिला कार्नेगी मेलन विद्यापीठात ब्रायन रीड यांनी १९७० च्या दशकात रचलेल्या स्क्राइब या खूणभाषेचा : ‘ॲट’ चिन्हाने सुरू होणाऱ्या आज्ञा आणि मजकुराच्या दिसण्याऐवजी त्याचा आशय नोंदवण्याचे तत्त्व त्यात होते. दुसरा अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील बोलिओ ही तशीच खूणभाषा आणि तिला टेक या अक्षरजुळणी-प्रणालीची जोड देऊन झालेल्या बोटेकचा. बोटेकची सर्वांत जुनी आवृत्ती ३१ ऑक्टोबर १९८४ ची असावी, असे टेक्सइन्फोच्या माहितीपुस्तकात सावधपणे म्हटले आहे. बोटेकमधून केवळ छापील प्रत निघे. स्टॉलमन यांनी त्याची इन्फोशी सांगड घातल्यावर एकाच मूळ मजकुरातून छापील ग्रंथ व पडद्यावरील ग्रंथ दोन्ही मिळू लागले. तत्त्व स्क्राइबचे, पण प्रत्यक्ष घडण बोलिओ-बोटेकच्या परंपरेतली, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. स्वतंत्र इन्फो वाचक मुळात ब्रायन फॉक्स यांनी लिहिला.

रचना : इन्फो फाइल साध्या मजकुराचीच असते. ती ‘नोड’ नावाच्या घटकांत विभागलेली असून प्रत्येक नोडच्या आरंभी आस्की या अक्षर-संकेतावलीतील ३१ क्रमांकाचे नियंत्रणचिन्ह आणि शीर्ष-ओळ येते. त्या ओळीत फाइलचे व नोडचे नाव, तसेच पुढील, मागील आणि वरच्या नोडची नावे असतात. फाइलच्या शेवटी प्रत्येक नोड कोणत्या स्थानी सुरू होतो याचा तक्ता असल्याने मोठ्या ग्रंथातही वाचक थेट हव्या त्या जागी पोचतो. फार मोठे पुस्तक अनेक फाइलींत विभागता येते.

वाचन : ‘एन’, ‘पी’ आणि ‘यू’ या कळांनी अनुक्रमे पुढे, मागे व वर जाता येते, ‘एम’ने सूचीतील प्रकरण उघडते आणि ‘एल’ने आधी पाहिलेल्या नोडवर परतता येते. स्पेस कळ दाबत राहिल्यास नोड संपताच पुढचा उघडतो, त्यामुळे सगळे पुस्तक क्रमाने वाचून काढता येते. ‘आय’ कळ लेखकाने स्वतः तयार केलेल्या विषयसूचीत शोध घेते. ‘एस’ने होणाऱ्या सरसकट मजकूर-शोधापेक्षा ती कितीतरी अचूक जागी नेते, आणि इन्फोचे खरे सामर्थ्य येथेच आहे.

प्रसार व मर्यादा : ग्नूच्या नियमांनुसार मुख्य माहितीपुस्तक टेक्सइन्फोत असावे, मॅन-पान दुय्यम समजावे. म्हणूनच फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’सारख्या आज्ञेचे मॅन-पान सविस्तर माहितीसाठी वाचकाला इन्फोकडे पाठवते. उलट, इन्फो फाइल सापडली नाही तर वाचक-प्रोग्राम मॅन-पानच दाखवतो, आणि नवख्याला दोहोंतला फरक उमगत नाही. देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा समान रुंदीच्या चौकटींत बसवणे अनेक टर्मिनलांना नीट जमत नाही. मराठी मजकुराची इन्फो फाइल ईमॅक्सच्या चित्रमय खिडकीत अधिक स्वच्छ दिसते.